लाँगग्रिड सापडत नाही

घाटकोपर (पूर्व)
४ जुलै २०२४

ती. विद्यादादा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. फोन न करता मेल लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि नंतर म्हणतोस, "तू नीट सांगितलं नाहीस."

तर नीट सांगते. प्रबंधासाठी तू मला लेटेकमध्ये, तुझ्या त्या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये, जो साचा करून दिलास, त्यात माझी सातही प्रकरणं बसली आहेत. घाटकोपर ते मुलुंडमधल्या २१६ सोसायट्यांना दिवसातून किती तास पाणी येतं, याची सदतीस टेबलं तुझ्या मशीनवर काय देखणी आली होती! आजवर मी मजकूर पाठवायचे आणि तू पीडीएफ पाठवायचास. आता तसं चालणार नाही. विभागाने नियम काढलाय: पीडीएफबरोबर मूळ फाइलीही द्यायच्या, आणि त्या विभागातल्या कंप्युटरवर त्यांच्यासमोर कंपाइल करून, म्हणजे त्यांची पीडीएफ बनवून, दाखवायच्या. म्हणून मी कॉलेजच्या नव्या लॅपटॉपवर लेटेक घातलं, तुझा साचा उघडला, बटण दाबलं. अर्ध्या सेकंदात सगळं ठप्प. लाल अक्षरांत: लाँगग्रिड नावाची फाइल सापडत नाही.

माझी मुदत ३१ जुलैला संपते. ही दुसरी वाढ होती. तिसरी देत नाहीत, मी विचारून आलेय. नोंदणी रद्द झाली की सहा वर्षं पाण्यात, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

काय करू ते लिही. भाषण नको.

रेवती

·

मुलुंड (पूर्व)
५ जुलै २०२४

चि. रेवती,

आशीर्वाद. भाषण नको म्हणतेस, पण कारण न कळता केलेली दुरुस्ती टिकत नाही, तेव्हा थोडं वाचावं लागेल.

लेटेक एकटं फार थोडं करतं. बाकीची कामं लोकांनी लिहून ठेवलेल्या छोट्या छोट्या फाइली करतात, त्यांना पॅकेज म्हणतात. आपण सुरुवातीलाच सांगतो की मला अमुक अमुक पॅकेज लागेल. ते मशीनवर नसलं, किंवा असूनही हाती लागलं नाही, की कंपाइल तिथेच थांबतं. म्हणजे चूक तुझ्या प्रबंधात नाही, माझ्या साच्यात तर नाहीच. ती तुझ्या लॅपटॉपवर आहे.

आधी नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक काही मशीनवर चालतो, काहींवर चालत नाही. मग पॅकेज मॅनेजरमध्ये नाव टाकून शोध. तिथे मिळालं नाही तर घाबरू नकोस, पुष्कळ पॅकेजेस दुसऱ्याच नावाच्या गठ्ठ्यात बांधलेली असतात. तू बहुतेक लेटेकची छोटी आवृत्ती घातली असशील, सगळे घाई करतात. ती काढ आणि पूर्ण घाल. शेवटी मशीनकडची फाइलींची यादी ताजी कर. पुष्कळदा फाइल आलेली असते, यादीत नोंद नसते.

लाँगग्रिड मी २०१० पासून वापरतो. लांब टेबल पानोपानी तोडायचं आणि दर पानावर मथळा पुन्हा छापायचा, हे काम इतकं स्वच्छ दुसरं कोणी करत नाही. माझ्या २१२ पुस्तकांत ते आहे. साकीनाक्याच्या प्रेसमध्ये मी खिळे जुळवायला लागलो तेव्हा दहावी नापास होतो. लेटेक मला कोणी शिकवलं नाही. एक मॅन्युअल उसनं आणलं आणि बसलो. त्यामुळे कुठलं पॅकेज काय करतं, हे मला विचारून घ्यावं लागत नाही.

क्रम मोडू नकोस.

विद्याधर

·

घाटकोपर
९ जुलै २०२४

दादा,

क्रम मोडला नाही. नाव ताडलं. गठ्ठे शोधले. छोटी आवृत्ती काढून पूर्ण घातली. कॉलेजच्या वायफायवर पाच तास डाउनलोड चाललं होतं, त्यात आमच्या प्राचार्यांची ऑनलाइन मीटिंग तीनदा तुटली. यादी ताजी केली. लाल अक्षरं तिथेच.

मग लेटेकवाल्यांच्या एका फोरमवर विचारलं. तिथल्या एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांनी वीस मिनिटांत उत्तर दिलं. लाँगग्रिड नावाचं पॅकेज अधिकृत संग्रहात नाही, पूर्वीही कधी नव्हतं, म्हणाले. मी म्हटलं, माझा मामेभाऊ ते चौदा वर्षं वापरतोय. ते म्हणाले, मग ते तुमच्या मामेभावाकडेच असेल. सई पंधरा वर्षांची आहे, तिने मागून वाचलं आणि म्हणाली, "आई, विद्यामामाच्या घरातच असेल ना ते. त्याला जरा उशीखाली बघायला सांग."

मला हसू आलं नाही. आज नऊ तारीख आहे.

रेवती

·

मुलुंड
११ जुलै २०२४

चि. रेवती,

फोरमवर कोणीही बसून काहीही लिहितं. वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्याने काय तपासलं असेल?

संग्रहातून कधी कधी जुनी पॅकेजेस काढून टाकतात, बहुधा तसं झालं असावं. अमुक फाइल मशीनवर नक्की कुठे ठेवलेली आहे, ते सांगणारी एक कमांड असते. ती चालवून बघतो आणि कोणत्या गठ्ठ्यात ते आहे ते तुला कळवतो. सईला सांग, मी उशी घेत नाही.

विद्याधर

·

मुलुंड
१३ जुलै २०२४

चि. रेवती,

फाइल सोबत जोडली आहे. प्रबंधाच्या मुख्य फाइलीशेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेव. आणखी काही करावं लागणार नाही. लेटेक आधी शेजारी बघतं.

ती संग्रहातली नाही. माझ्या मशीनवर माझा एक खाजगी फोल्डर आहे, त्यात होती. मशीन दरवेळी न विचारता तिथून उचलत होतं, त्यामुळे ती बाहेरची की घरची हे माझ्या लक्षातून गेलं. तुझे आठ-नऊ दिवस गेले, त्याबद्दल वाईट वाटतं.

विद्याधर

·

घाटकोपर
१४ जुलै २०२४

दादा,

वाईट वाटतं! तुझ्या हातून हे लिहिलं गेलं, मी मेल जपून ठेवलाय.

लाँगग्रिड सापडलं. म्हणजे ते लाल अक्षर गेलं आणि त्याच्या जागी त्रेचाळीस नवी आली. ही कमांड माहीत नाही, ती कमांड माहीत नाही. पार वाट लागली. फोरमवरच्या आजोबांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला: फाइलीच्या डोक्यावर काय लिहिलंय? लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि ती आणखी कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे, हे सगळं पहिल्या काही ओळींत असतं म्हणे.

मी उघडून बघितलं. तुझ्या फाइलीत पहिल्या नऊ ओळी कोऱ्या आहेत. दहाव्या ओळीपासून सुरू होते. असंच असतं का? मला यातलं कळत नाही, म्हणून विचारतेय.

रेवती

·

मुलुंड
१६ जुलै २०२४

चि. रेवती,

असं नसतं. त्या नऊ ओळी मी पुसल्या.

पहिल्या सहांत लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि वापरण्याच्या अटी होत्या. तेवढ्याच पुसायला हव्या होत्या. पण सातवी, आठवी आणि नववी ओळ दुसरी तीन पॅकेजेस बोलावत होत्या. मी न वाचता सगळा ठोकळा उचलला. तुझे त्रेचाळीस एरर त्या तीन ओळींचे आहेत. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं, तर मी त्याला त्या दिवशी दुसरं काम दिलं नसतं.

मूळ फाइल जशीच्या तशी जोडली आहे. ती चंद्रप्रकाश राऊळने लिहिली, मार्च २०१० मध्ये. तुला तो आठवत असेल, साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही दोघे टाइपसेटिंग करायचो, तू आत्याबरोबर एकदा आली होतीस. २०१५ साली एका सोमवारपासून त्याने येणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. असे लोक असतात.

तुझं काम आता व्हायला हरकत नाही.

विद्याधर

·

घाटकोपर
१९ जुलै २०२४

दादा,

कंपाइल झालं. एकही एरर नाही. एक अक्खा दिवस मी खूश होते.

आज प्रिंट काढून आकडे ताडले. ४.७ नंबरचं टेबल पंधरा पानांवर पसरलंय. त्यात २१६ सोसायट्या हव्यात. मी मोजल्या, २०२ निघाल्या. पुन्हा मोजल्या, २०२. मग पेन्सिल घेऊन बसले. दर पानावरची शेवटची ओळ गायब आहे, शेवटचं पान सोडून. पंधरा पानं, चौदा ठिकाणी तुटतं, चौदा सोसायट्या गेल्या. लाल अक्षर नाही, काही नाही. मशीन म्हणतंय सगळं छान.

तुझ्या जुन्या पीडीएफमध्ये २१६ आहेत, ते बघितलं. विभागातल्या मशीनवर माझ्यासारखीच नवी आवृत्ती आहे, तेही विचारून आले. म्हणजे तिथे हेच होणार, परीक्षकांच्या समोर.

बारा दिवस राहिले. चंद्रप्रकाशदादांना विचार ना. मला ते चांगले आठवतात. मला त्यांनी पत्र्याच्या डब्यातले चिरमुरे दिले होते, आणि तू त्यांना "चंदू, हे कसं करायचं रे" म्हणून दर दहा मिनिटांनी हाक मारत होतास.

रेवती

·

मुलुंड
२२ जुलै २०२४

चि. रेवती,

तीन दिवस बसलो. माझ्या मशीनवर २०१४ ची आवृत्ती आहे. चालतंय ते मी हलवत नाही. दुसऱ्या मशीनवर नवी घालून बघितली. तू लिहिलंस तसंच होतं. दर पानाची शेवटची ओळ, शेवटचं पान सोडून.

दोष ८८ ते १३१ या ओळींत आहे, इतपत सांगता येतं. त्या चव्वेचाळीस ओळी मला समजत नाहीत. आधीही समजत नव्हत्या. चौदा वर्षं चालत होत्या, म्हणून समजाव्या लागल्या नाहीत.

मार्ग आहे. लाँगग्रिड काढून टाकायचं. सदतीस टेबलं दुसऱ्या, संग्रहातल्या पॅकेजमध्ये मी हाताने बसवून देतो. रोज सहा केली तर २८ तारखेला होतात. आजच सुरू करतो.

विद्याधर

·

घाटकोपर
२३ जुलै २०२४

दादा,

सुरू करू नकोस.

एक तर माझी टेबलं आकड्यांच्या फाइलीतून आपोआप भरतात. तू हाताने बसवलीस की प्रत्येक आकडा मला परत ताडावा लागेल, चार हजार आकडे, आणि ते तीन दिवसांत होणार नाही. चुकून एका सोसायटीचे पाण्याचे तास दुसरीला गेले तर मी तोंडी परीक्षेत काय सांगू? दादाने बसवलं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. चंद्रप्रकाशदादा नाहूरला राहतात. मी आईला विचारलं, तुझ्यापासून एक स्टेशन. तू सदतीस टेबलं हाताने बसवायला तयार आहेस, पण एक मेल लिहायला तयार नाहीस. मला फाइल देताना नाव पुसलंस. मी काही तुझी गिऱ्हाईक नाही रे, मला नाव दिसलं असतं तर काय झालं असतं?

तुमच्यात काय झालं ते मी विचारत नाही. "कारण सांगितलं नाही" हे मात्र मला पटलं नाही. त्यांना कारण नसेल तर तुला तरी लाज कशाची?

तू लिहिणार नसशील तर मी रविवारी नाहूरला जाते आणि माझी ओळख करून देते. पत्ता शोधायला मला जर्मनीला विचारावं लागणार नाही.

रेवती

·

मुलुंड
२४ जुलै २०२४

चंद्रप्रकाश,

लाँगग्रिड, मार्च २०१० ची प्रत. लेटेकची चालू वर्षाची आवृत्ती. टेबल एकापेक्षा जास्त पानांवर गेलं की, शेवटचं पान सोडून, प्रत्येक पानावरची शेवटची ओळ छापली जात नाही. एरर येत नाही, इशाराही येत नाही. २०१४ च्या आवृत्तीत असं होत नाही. दोष ८८ ते १३१ या ओळींत असावा. सगळ्यात छोटा नमुना सोबत जोडला आहे: वीस ओळींचं टेबल, दोन पानं. एकोणीसच ओळी येतात.

काम माझ्या आतेबहिणीचं, रेवती सामंतचं आहे. तिच्या टेबलात २१६ ओळी आहेत, पंधरा पानं. ३१ जुलैला तिची पीएच.डी.ची मुदत संपते, वाढ नाही. विभागातल्या मशीनवर त्यांच्यासमोर कंपाइल व्हायला हवं. मला दुरुस्त करता आलं नाही.

तिला फाइल देताना तुझं नाव मी आधी पुसलं होतं. त्यात तुझ्या तीन ओळी गेल्या आणि फाइल मोडली. मग मूळची दिली.

१२ सप्टेंबर २०१५, शनिवार, बोरिवलीच्या कॉलेजातली कार्यशाळा. एका मुलीने विचारलं, "सर, हे टेबलांचं पॅकेज कुणी केलं?" मी "मीच" म्हणालो. तू मागून दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला होतास. चहाच्या वेळी तू नव्हतास. सोमवारी गाळ्यावर आला नाहीस. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की तू कारण न सांगता गेलास. कारण मला माहीत होतं. मॅन्युअल मी आणलं होतं, हे खरं. वाचून दाखवणारा तू होतास.

हे आणि वरचं काम, दोन्ही वेगळी समजावीत. हे वाचून काम करू नये असं वाटलं तर तसं आजच कळव, म्हणजे तिला दुसरं काही बघता येईल.

विद्याधर तावडे

·

नाहूर
२५ जुलै २०२४

विद्या,

नमुना चालवला. एकोणीसच आल्या. चूक बरोबर आहे. इतक्या नीट कोणी कळवत नाही. लोक "टेबल बिघडलं" एवढंच लिहितात आणि फोटो पाठवतात.

दोष ९४ व्या ओळीत आहे. पान भरलं की पुढे काय करायचं, हे लेटेकने मध्यंतरी आतून बदललं. माझी फाइल अजून जुन्या जागी हात घालत होती, तिथे आता काही नसतं, म्हणून ओळ निसटायची. चार ओळी बदलल्या. जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर तपासलं. २१६ ओळींचं टेबल करूनही बघितलं. फाइल जोडली आहे.

बोरिवलीचं. तेव्हा पोरांसमोर उठून बोललो असतो तर तुझं तोंड बघवलं नसतं, म्हणून बाहेर गेलो. सोमवारी येऊन बोलणार होतो. रविवारी विचार केला की तूच फोन करशील. मग तसंच राहिलं. माझंही काही फार शहाणपणाचं नव्हतं.

फाइल वापरू नको, असं मी तुका कधी म्हटलंय? या कामात रिवाज एकच आहे. दुसऱ्याच्या फाइलीत बदल केला तर आपला बदल वर लिहायचा आणि फाइलीचं नाव बदलायचं. तू माझं नाव काढलंस आणि फाइलीचं ठेवलंस. शिकवताना तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

तुझ्या बहिणीला सांग, विभागात जाताना आणखी एका मशीनवर चालवून बघ.

चंद्रप्रकाश

·

घाटकोपर
३० जुलै २०२४

दादा,

झालं! दाखल झालं, एक दिवस आधी.

सई म्हणाली आणखी एका मशीनवर बघ, चंद्रप्रकाशदादांनीही तेच कळवलं होतं, म्हणून तिच्या शाळेच्या लॅबमध्ये चालवलं, मग आमच्या ग्रंथालयात. विभागात समोर तीन जण बसले होते. मी बटण दाबलं आणि पाणी प्यायला मागितलं. २१४ पानं. त्यांच्यातल्या एका मॅडमनी मुद्दाम ४.७ काढून शेवटचं पान बघितलं. २१६. पोच घेतली, शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. तू असतास तर तेच केलं असतंस.

चंद्रप्रकाशदादांशी फोनवर बोलले. त्यांना अजून चिरमुरे आठवतात. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले, "तो मेल चांगला लिहितो."

घरी येऊन त्यांची नवी फाइल उघडली. आता मला डोक्यावरच्या ओळी वाचायची सवय लागलीय. दहाव्या ओळीत लिहिलंय: पान तुटताना ओळ गळण्याची चूक शोधली, विद्याधर तावडे, मुलुंड, २५ जुलै २०२४. दादा, तुझं नाव आहे रे लाँगग्रिडमध्ये! फोरमवरचे आजोबा म्हणतात, आता ते अधिकृत संग्रहात द्या, म्हणजे जगभर जाईल. चंद्रप्रकाशदादा हो म्हणालेत.

तोंडी परीक्षा दिवाळीनंतर. तोवर तू मला काहीही शिकवू नकोस.

रेवती

·

मुलुंड
३१ जुलै २०२४

चंद्रप्रकाश,

रेवतीचा प्रबंध काल दाखल झाला. टेबल ४.७ पूर्ण आलं.

संग्रहात पाठवण्याआधी तुझ्या फाइलीत दोन दुरुस्त्या आहेत, दोन्ही दहाव्या ओळीत.

एक, तारीख. मी २४ जुलैला कळवलं, तू २५ लिहिलं आहेस. २५ ला तू दुरुस्त केलंस.

दोन, चूक मी शोधलेली नाही. १९ जुलैला रेवतीने प्रिंट काढून, पेन्सिलीने दोनदा मोजून शोधली. मी ती फक्त तुझ्यापर्यंत पोचवली, तीही पाच दिवस उशिरा. तिथे रेवती सामंत, घाटकोपर, १९ जुलै २०२४ असं हवं. माझं नाव काढावं.

माझं नाव काढलं की पहिल्या दुरुस्तीची गरज उरत नाही. पण चूक होती, म्हणून नोंदवली.

नवी प्रत मेलने नको. शनिवारी अकरा वाजता मी नाहूरला येतो, पेनड्राइव्ह घेऊन. ९४ व्या ओळीत तू काय केलंस ते मला समजलेलं नाही. समजावून सांगावं लागेल.

विद्या